२२ एकर पोटखराबा: कॉलेजच्या मागचं कुरण कागदावर आणताना

जून २०२४ मध्ये आमच्या कॉलेजला एक पत्र आलं. पावसाळ्यातल्या वृक्षलागवडीसाठी किती जागा उपलब्ध आहे ते आठ दिवसांत कळवा, आणि सोबत एक तक्ता. त्यात जागेच्या प्रकारासाठी तीन पर्याय होते: पडीक, नापीक, इतर. राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) काम माझ्याकडे असल्याने पत्र माझ्या टेबलावर आलं. वाशिम जिल्ह्यात, कारंजाच्या बाजूला, एका खेड्यातल्या कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवते. आमचा कॅम्पस ३८ एकरांचा आहे. इमारती, मैदान, होस्टेल आणि रस्ते यांत १६ एकर गेले. उरलेले २२ एकर म्हणजे मागचं माळरान. वरवर मुरूम, मध्येमध्ये खडक, पावसाळ्यात कमरेएवढं गवत आणि एप्रिलमध्ये नुसती पिवळी खुरटी ठुंठं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पडीक लिहा आणि खड्डे मोजा."

खड्डे मोजायला मी गेलेही. जुने खड्डे तिथे आधीच होते. राज्यात २०१६ साली २ कोटी, पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांची मोहीम झाली, त्या काळातले. त्यांतले दोन निंब आणि एक करंज उभे आहेत. बाकीची रोपं नवतपाच्या उन्हात गेली असणार. सोबत आलेले शिपाईकाका एका खड्ड्याच्या काठावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, कायले खोदता? अठी निरा मुरूम हाये. अठी गवतच येते, अन् गवतच बरं."

काका बोलले ते वनस्पतीशास्त्रात बसणारं होतं. आमच्या माळावर पवन्या, कुसळी आणि मारवेल ही तिन्ही गवतं आहेत. ही बहुवार्षिक गवतं. वरचा पाला वाळतो, गुरं खातात, कधी जळतो, पण मुळं जमिनीत टिकून असतात आणि पहिल्या पावसाला परत फुटतात. कुरणातला बराचसा कार्बन या मुळांत आणि मातीत साठलेला असतो. खड्डे खोदून तो उघडा पाडायचा आणि वर जगणार नाहीत अशी रोपं लावायची, हे मला पटेना. शिवाय आमच्यापासून जवळच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. ते २००० साली घोषित झालं, क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर, आणि ते आहेच मुळी गवताळ. म्हणजे सरकारने ज्या गवतासाठी अभयारण्य केलं, तेच गवत कुंपणाच्या अलीकडे आलं की 'पडीक' होतं.

हे प्राचार्यांना तोंडी सांगितलं. त्यांचं उत्तर सरळ होतं: "मला पटलं तरी उपयोग नाही. लक्ष्य पूर्ण कुठे करणार, ते सांगा." तोंडी विरोध करण्यात अर्थ नाही हे त्या दिवशीच कळलं. मग आम्ही लागवडीसाठी दुसरी जागा शोधली. कॅम्पसचा पुढचा रस्ता, नाल्याचा काठ, आणि गावाच्या ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीकडे जाणारी वाट. निंब, पळस, मोह, बोर आणि करंज ही रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून घेतली. लक्ष्य ५०० झाडांचं होतं, ते या तीन जागांवर बसलं. प्रत्येक रोपाचा अक्षांश-रेखांशासह फोटो लागतो. हे काम विद्यार्थ्यांवर सोपवलं तर लागवडीच्या दिवशीच करून घ्या, नंतर रोप आणि फोटो यांची जुळणी करता करता डोळे जातात. ई-क्लासच्या वाटेवर लावायला ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र लागलं. ते मागायला गेल्यामुळे पंचायतीशी ओळख झाली, आणि ती पुढे फार उपयोगी पडली.

माळ त्या वर्षापुरता वाचला. पण पुढच्या जूनला पुन्हा पत्र येणार, तक्ता तोच असणार. म्हणून ठरवलं की २२ एकर कुरण आहे हे कुठेतरी लेखी करून घ्यायचं. कुठे, ते मात्र माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये सातबारा काढला. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी तलाठी कार्यालयात जायची गरज नाही. उताऱ्यावर मागच्या गटाचं बहुतेक क्षेत्र 'पोटखराबा' म्हणून होतं. पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य. पेरायला अयोग्य हे खरंच आहे, त्यात तलाठ्याची काही चूक नाही. महसुलाची नजर पिकावर, आणि गवत काही पीक नव्हे. ते बदलायच्या भानगडीत मी पडले नाही. जाणकार मंडळींनी सांगितलं की तो वेगळाच आणि लांबचा रस्ता आहे. हद्दीसाठी नव्याने मोजणी करावी लागेल अशी धास्ती होती, पण संस्थेच्या जुन्या फाइलमध्ये मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, सापडली. तुमच्या संस्थेत असं काही करायचं असेल तर आधी ते जुनं कपाट उघडा. मोजणीचा खर्च आणि वाट पाहणं दोन्ही वाचतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा गवत ओळखायचा काळ. तुरे आल्याशिवाय गवत ओळखणं हे माझ्यासारखीलाही जड जातं. प्लॅस्टिकच्या पाइपचे एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन केले, खर्च २४० रुपये. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे गट करून माळावर ठरावीक अंतराने चौकोन टाकले, आत कोणतं गवत किती ते लिहिलं. पहिल्या आठवड्यात मुलांनी सगळ्याला 'गवत' लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात कुसळी हाताला लागली की नाव सांगायला लागली, कारण तिचं बी कपड्यात शिरतं आणि पीळ घेत आतपर्यंत जातं. मेंढपाळ याच कारणाने कुसळीचं बी पिकायच्या आत मेंढरं तिथून हलवतात. हे आम्हाला पुस्तकाने नाही, माळावरून जाणाऱ्या एका धनगर मावशींनी सांगितलं.

सगळाच माळ काही चांगला नव्हता. होस्टेलच्या बाजूला रायमुनिया (घाणेरी) आणि सुबाभूळ माजलेली, पाण्याच्या टाकीपाशी बेशरम, आणि रस्त्याकडेला गाजरगवत. तेही नकाशावर लाल रंगाने दाखवलं. ते लपवलं असतं तर यादीवर कुणाचा विश्वास बसला नसता.

पक्ष्यांचं म्हणाल तर मला तेव्हा टिटवी, तित्तर आणि सातभाई एवढेच खात्रीने ओळखता येत. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून तरंगणारे शिकारी पक्षी दिसले. अकोल्याच्या एका पक्षीमित्राला मोबाइलवर फोटो पाठवला. ते भोवत्या निघाले. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येतात, आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात, तोही बरेचदा घोळक्याने. म्हणजे गवत कापलं तर यांची झोपायची जागा गेली आणि खड्ड्यांत झाडं लावली तरी गेली. प्राचार्यांना एका संध्याकाळी तिथे घेऊन गेले. ते फार काही बोलले नाहीत, पण पुढच्या बैठकीत विषय घ्या म्हणाले.

ती बैठक म्हणजे महाविद्यालय विकास समिती. सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात ही समिती असते, आणि कॅम्पसच्या विकासाचा आराखडा तिच्यापुढे येतो. माझा सल्ला: अर्ज प्राचार्यांच्या नावाने द्या, पण विषय समितीच्या कार्यसूचीवर जाईल असं बघा. नुसत्या प्राचार्यांच्या शेऱ्याला प्राचार्य बदलले की किंमत राहत नाही. मी दोन पानांची टिपणी केली. पहिल्या पानावर नकाशा आणि गवतांची यादी. दुसऱ्यावर फक्त तीन मागण्या: या गटात खड्डे खोदू नयेत, गवत कधी कापायचं याचं वेळापत्रक असावं, आणि आराखड्यात या जागेपुढे 'राखीव कुरण' असं लिहावं. सदस्यांपैकी एकाने विचारलं की पुढे नवी इमारत आली तर? रास्त प्रश्न होता. ठरावात 'समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय' हे शब्द घालून मार्ग निघाला. मला 'कायमस्वरूपी' हवं होतं, ते मिळालं नाही.

खरी दमछाक पुढे झाली. कॉलेजचा ठराव हा घरचा कागद. बाहेरच्या कार्यालयाला दाखवायला गावाचा कागद हवा. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-पाखरांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंद, करायची असते. आमच्या गावात दोन्ही होतं, म्हणजे कपाटात होतं. त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागणार होते. त्या धावपळीत पुष्कळ नोंदवह्या झाल्या, त्यातलीच ही एक. झाडांच्या यादीत कोकम होता. मुरमाड माळाच्या गावात कोकम! कुठल्यातरी दुसऱ्या यादीवरून उतरवलेला असणार. कॉलेजच्या जागेबद्दल अर्थातच एक ओळ नव्हती.

ग्रामसेवक भले माणूस (मध्यंतरी त्यांच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात). ते म्हणाले, "नोंदवहीत भर घालता येते, पण समितीची बैठक, मग ग्रामसभा. माझ्या एकट्याच्या हातात नाही." समितीत किती जण आहेत हे समितीतल्या दोघांना तरी माहीत नव्हतं. एक तृतीयांश महिला असाव्या लागतात, त्या कागदावर होत्या. त्यातल्या एक ताई रोजमजुरीला जातात, त्यांच्या घरी संध्याकाळी जाऊन बैठकीची वेळ त्यांच्या सोयीने ठरवली. बैठक रात्री साडेसातला झाली. अशा कामाला निघालात तर ऑफिसची वेळ विसरा.

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत विषय आला खरा, पण गणपूर्ती झाली नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो हवा असतो. सभा तहकूब झाली. मला वाटलं गेलं सगळं पाण्यात. पण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, हे ग्रामसेवकांनी सांगितलं. तरी सरपंचताई म्हणाल्या, "मॅडम, पंधरा माणसांत ठराव करून घेऊ नका. उद्या कोणी म्हणेल गपचूप केला. महाराष्ट्र दिनाच्या सभेत घेऊ, लोकं बोलू द्या." तेव्हा वैतागले होते. त्यांचं बरोबर होतं.

मधल्या काळात दोन कामं झाली. एक, जाळरेषा. वनविभाग आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतो, म्हणून त्याआधी रस्त्याकडेने आणि शेजारच्या शेताच्या धुऱ्याने साधारण दहा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, खरवडून मोकळा केला. आम्ही तो जाळला नाही, त्याला माणसं आणि अनुभव दोन्ही लागतं. मजुरीचा खर्च ९,६०० रुपये, रासेयोच्या निधीतून निम्मा आणि विद्यार्थी निधीतून निम्मा. मार्चमध्ये शेजारच्या धुऱ्यावर कोणीतरी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, आग रेषेपाशी येऊन विझली. दुसरं, फेब्रुवारी १४ ते १७ ची कॅम्पस पक्षीगणना. १५ मिनिटं एका जागी थांबायचं, दिसेल ते मोजायचं, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. यात खर्च शून्य आणि पुरावा पक्का, कारण यादीवर तारीख, वेळ, जागा सगळं येतं. पुढे लेखापरीक्षकाने तीच यादी उचलून धरली. कापशी, चंडोल, नीलपंख, माळटिटवी अशी नावं मुलं आता माझ्याआधी घेतात. तणमोर, हा गवताळ माळावरचा दुर्मीळ पक्षी, दिसला नाही. गावालगतच्या बेड्यावरचे (पारध्यांच्या वस्तीवरचे) एक फासेपारधी आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात नर गवतातून उड्या मारायचा. त्यांचं नाव नोंदवहीत जाणकार म्हणून घ्यायचं ठरलं. त्याआधी त्यांची संमती घेतली, आणि कोणतं पाखरू नेमकं कुठे घरटं करतं हे त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलं नाही. ते म्हणाले, "लिवलं का लोकं येतेत." अकोला-वाशिमकडच्या माळांबद्दल त्यांच्या समाजाला जेवढं माहीत आहे तेवढं आमच्या विभागात कोणालाच नाही, हे मुलांसमोर म्हटलं तेव्हा आजोबा थोडे संकोचले.

१ मे २०२५. उन्हामुळे सभा सकाळी साडेआठला. यावेळी माणसं होती आणि विरोधही होता. एक शेतकरी उठले: "मॅडम, तुमी गवत राखसान अन् रोही-डुकरं तुमच्यापाशी लपतीन. रात्री आमची तूर खातीन. मंग?" टाळ्या पडल्या. माझ्याकडे याचं चोख उत्तर नव्हतं आणि आजही नाही. रोही (नीलगाई) काही आमच्या २२ एकरांतून येत नाहीत, ते सगळ्या शिवारात फिरतात, पण ज्याचं पीक गेलं त्याला हे सांगण्यात अर्थ नसतो. मी एवढंच म्हटलं की शेताला लागून जो भाग आहे तो दिवाळीनंतर आधी कापू, आणि नुकसानीचा अर्ज भरायला आमची मुलं मदत करतील. अर्ज, सातबारा, फोटो आणि पंचनामा या सगळ्यांत उशीर झाला की भरपाई हातची जाते. त्या हंगामात मुलांनी खरोखरच बरेच अर्ज भरून दिले. काहींना पैसे आले, काहींना नाही. ठराव मात्र मंजूर झाला, त्यात गवत कापायचा पहिला हक्क गावातल्या गुरंवाल्यांना, हे कलम गावकऱ्यांनीच घातलं. मी लिहिलेल्या मसुद्यापेक्षा ते चांगलं होतं.

नोंदवहीत प्रत्यक्ष पानं जोडायला पोळा उलटला. नमुना राज्य जैवविविधता मंडळाचा घ्यावा (मंडळाचं कार्यालय नागपूरला आहे), मनाने तक्ते करू नयेत. आम्ही गवतांची, पक्ष्यांची आणि जाणकारांची अशी वेगवेगळी प्रपत्रं भरली, प्रत्येक पानावर अध्यक्ष आणि सचिवांची सही घेतली. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि नकाशाच्या रंगीत प्रती मिळून ७८० रुपये. कोकम तसाच राहिला. त्याच्यापुढे 'आढळ नाही' असा शेरा आहे.

त्यानंतर नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तयारीतलं हरित लेखापरीक्षण, म्हणजे कॅम्पसच्या पर्यावरणाची तपासणी. नॅकच्या मूल्यांकनात पर्यावरणाचे मुद्देही येतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांचं शुल्क १८,००० रुपये, ते कॉलेजने भरलं. त्यांच्या फॉर्मवर झाडांची संख्या, फुलझाडांची संख्या, हिरवळीचं क्षेत्र, एवढंच. हिरवळीत त्यांनी इमारतीपुढचं लॉन धरलं. लॉनला उन्हाळ्यात रोज टँकरचं पाणी लागतं, माळाला थेंबभर लागत नाही, हे मी बोलून दाखवलं. परीक्षक हसले आणि वेगळं परिशिष्ट जोडायला तयार झाले. त्यात चौकोनांची आकडेवारी, ई-बर्डच्या याद्या, दोन्ही ठराव आणि नोंदवहीची पानं लावली. परीक्षक समजूतदार भेटले हे नशीब. पण कागद तयार नसते तर त्यांच्या समजूतदारपणाचा काही उपयोग झाला नसता.

त्याच परीक्षणात एक वेगळीच गोष्ट वर आली. होस्टेलच्या मेसचं उष्टं मागे उघड्यावर पडायचं, त्यावर कुत्र्यांची टोळी पोसली होती, आणि तीच टोळी माळावर ससे आणि तित्तरांची पिल्लं मारायची. गवत राखून कुत्री तशीच ठेवली तर जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांना काय उपयोग? उष्ट्यासाठी झाकणाचे दोन खतखड्डे बांधले, खर्च १४,००० रुपये. मेसच्या मावशींना आधी हे वाढीव काम वाटलं. खत होस्टेलच्या परसबागेत जायला लागलं आणि तिथली कोथिंबीर मेसला मिळू लागली, तेव्हा तक्रार थांबली. कुत्री कमी झाली, पण गेलेली नाहीत. नसबंदीसाठी तालुक्याच्या ठिकाणी अर्ज दिला आहे, त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

यंदा, म्हणजे २०२५ च्या दिवाळीनंतर, पहिल्यांदा वेळापत्रकाप्रमाणे कापणी झाली. बी गळून पडल्यावरच विळा लावायचा असं ठरलं होतं. गुरंवाल्यांच्या मते तोवर गवताचा कस जातो, आणि ते खोटं नाही. शेवटी शेताकडचे १४ एकर कापले आणि मधले ८ एकर भोवत्यांसाठी उभे ठेवले. पुढच्या वर्षी उभा तुकडा बदलायचा. गवत निम्म्या बटाईने दिलं. कॉलेजच्या वाट्याचं विकून आलेल्या पैशांत यंदाच्या जाळरेषेची मजुरी निघाली, वर बाराशे रुपये उरले. त्यातून रायमुनिया मुळासकट काढायला दोन टिकाव घेतले.

कागदांच्या बाबतीत शेवटचं. प्रत्येक ठरावाच्या तीन साक्षांकित प्रती करा: एक कार्यालयात, एक पंचायतीत, एक स्वतःच्या घरी. आवक क्रमांक आणि तारीख नसलेली पोच घेऊ नका. जूनमध्ये लागवडीचं पत्र आलं की तक्त्यातल्या 'इतर' या पर्यायावर खूण करून पुढे 'राखीव कुरण, ठराव सोबत' असं लिहायचं आणि दोन्ही ठराव जोडायचे. २०२५ ला आम्ही तसंच पाठवलं. वरून काही विचारणा आली नाही, आणि लागवडीच्या यादीत आमचा मागचा गटही आला नाही.